आभाळात रिझर्व्ह

१४ ऑगस्ट, शुक्रवार

ही डायरी कारखान्याची आहे. दरवर्षी कामगारांना एकेक मिळते. पहिल्या पानावर चेअरमन सुंदररावांचा रंगीत फोटो, दुसऱ्यावर त्यांच्या वडिलांचा, तिसऱ्यावर 'उसाचे एकरी उत्पादन कसे वाढवावे'. ऊस यंदा औषधालाही नाही. सलग दुसरं वर्ष कोरडं चाललंय, कारखान्याचं धुराडं थंड आहे, पण डायरी छापली गेली. आजवर मी तिच्यात पेन चालतं का एवढंच बघत आलो, त्यामुळे साहेबांच्या गालावर बऱ्याच रेघा आहेत.

आजपासून मात्र नीट लिहायचं ठरवलंय. कारण मी विमान बनवतोय, आणि विमान बनवणाऱ्यानं नोंदी ठेवाव्यात असं व्हिडिओत सांगितलंय. व्हिडिओ मी गावच्या पाण्याच्या टाकीवर चढून बघतो. टाकीत पाणी नाही, पण वर रेंज मस्त येते.

माझं नाव उत्तरेश्वर, कारखान्यात हेड फिटर. गाळप बंद म्हणून काम बंद, पण हजेरी लावावी लागते. आठ तास नुसतं बसून माणसाला एकतर पत्ते सुचतात नाहीतर विमान. मला पत्त्यातलं कळत नाही. मेव्हण्याच्या मोडक्या मारुती व्हॅनचं इंजिन घेतलंय, ॲल्युमिनियमचे पाईप, लुनाची चाकं, आणि पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची. वेल्डिंगला त्रिंबक आहे.

आज साहेब वर्कशॉपमध्ये आले. मला वाटलं आता मेलो. त्यांनी सांगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "उडंल का?"

"उडंल, साहेब."

"मग सर्वसाधारण सभेच्या दिवशी उडव. सरकारचं इमान औरंगाबादहून येऊन पावसासाठी ढगात मीठ मारून जातंय. आपल्या कारखान्याचं सोताचं इमान म्हनल्यावर विरोधकांची तोंडं बघ कशी व्हत्यात."

त्रिंबक मागं उभा होता. दहा वर्षं हंगामी वेल्डर. मी तेवढ्यात बोलून घेतलं, "साहेब, इमान उडलं तर त्रिंबकला कायम करा." साहेब म्हणाले, "कामात खोट न्हाई निघाली तर करतो." ड्रायव्हरसमोर म्हणाले, म्हणजे साक्षीदार आहे.

२० ऑगस्ट, गुरुवार

पंखांना तंबूचं कापड लावलंय, भगवं आणि पांढरं. भिवरा शिवणयंत्रावर शिवतेय. बायको म्हणून ती माझ्या विमानाला काडीची किंमत देत नाही, पण टाके असे घातलेत की नखानंही उसवणार नाहीत. मी म्हटलं, "काळजी वाटती का माजी?" तर म्हणाली, "दोरा संपत आलाय, दिंद्रुडहून आना." हिला भावना कमीच.

आई ओसरीवरून बोलत होती. लग्नाला अठरा वर्षं झाली, पाळणा हलला नाही, आणि आता पोराला म्हणे पंख फुटलेत. आई भिवराला कोणाच्या ओटीभरणाला पुढं होऊ देत नाही, गावातल्या बायाही तिचं हळदीकुंकू शेवटी लावून घेतात. मला याचा भयंकर राग येतो. राग आला की मी वर्कशॉपला जातो. विमान इतक्या लवकर तयार होतंय याचं श्रेय आईलाही द्यायला पाहिजे.

२ सप्टेंबर, बुधवार

इंजिन सांगाड्यावर बसवून चालवलं. आवाज ऐकून वॉचमन पळून गेला, त्याला वाटलं बॉयलर पेटला.

पेट्रोलची टाकी जुन्या मोटारसायकलची. डोक्याच्या मागं उंच बसवली, म्हणजे पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं, पंपाची भानगड नाही. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या तांब्याच्या नळीला त्रिंबकनं जोड दिलाय. डोळे मिटून बोट फिरवलं तर जोड कुठं आहे ते कळत नाही.

त्रिंबकचे आईबाप ऊसतोडीला जायचे, तोही फडातच वाढला. बाप उसाच्या ट्रॉलीखाली गेला. त्यानंतर यानं कोयता आडात टाकला आणि माझ्याकडं वेल्डिंग शिकायला आला. कारखाना हा असा बंद, हंगामी माणसाला कोणी विचारत नाही. कायम झाला नाही तर दिवाळीआधी बायकोला घेऊन त्याला पुन्हा फडात जावं लागेल. तो हे बोलत नाही. पण जोड देताना त्याचे ओठ हलत होते, आणि तो काही गाणारा माणूस नाही.

६ सप्टेंबर, रविवार

उडालो. तीन फूट. गेटपासून हायवेपर्यंतच्या सरळ रस्त्यावर, दोन-तीन सेकंद. त्रिंबक मोटारसायकलवर बाजूनं पळत होता, म्हणाला चाकाखालून दिंद्रुडचा रस्ता दिसला. मग मी आपटलो आणि जीभ चावली. जेवण नाही. फार आनंदात आहे.

२४ सप्टेंबर, गुरुवार

उद्या सभा आणि उड्डाण. साहेबांनी पंखावर कारखान्याचं पूर्ण नाव रंगवून घेतलं. मी म्हटलं रंगाला वजन असतं, तर म्हणाले नावाला जास्त असतं. वरून वार्षिक अहवालाचे दोन गठ्ठे दिलेत, सभेवर टाकायला.

संध्याकाळी पूजेवरून भांडण झालं. नव्या यंत्राची पूजा करायचीच. आई म्हणाली, लेकुरवाळीच्या हातानं झाली पाहिजे, शेजारच्या विमलबाईला बोलव. भिवरा शेणानं सारवत होती, तिनं मान वर केली नाही. मला काय झालं कुणास ठाऊक, मी तांब्या आपटला आणि म्हणालो, "पंख हिनं शिवलेत. पूजा हीच करंल. दुसऱ्या कुनी हात लावला तर मी उडनार न्हाई."

आई म्हणाली, "काई कमीजास्त झालं तर मग मला म्हनू नको."

भिवरा तशीच सारवत राहिली. नंतर बघितलं तर एकच जागा तिनं तीनदा सारवली होती.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

अक्षर आज वाकडं येतंय, सांभाळून घ्यावं. म्हणजे मीच घेणार, दुसरं कोण वाचतंय.

सकाळी सगळं गाव रस्त्यावर. भिवरा नवं लुगडं नेसून आली, ताट घेऊन. वाऱ्यानं कुंकू उडत होतं म्हणून तिनं हळद आणि कुंकू पाण्यात कालवून घट्ट केलं होतं. अख्ख्या गावादेखत तिला पहिल्यांदा असा मान मिळत होता, आणि तिनं तो सोडला नाही. इंजिनला लावलं, पंख्याला लावलं, चारी नटांना, लुनाच्या चाकांना, खुर्चीला, प्रत्येकाला हळदीचं बोट, कुंकवाचं बोट आणि वर अक्षता. मी म्हटलं, "टाकीला डबल लाव. तीच जीव हाय." तिनं झाकणावर चांगलं जाड लावलं. बाया बघत होत्या. माझा ऊर भरून आला, हे इथं लिहायला हरकत नाही.

मग उडालो. खरंच. रस्ता खाली गेला, बाभळी खाली गेल्या, कारखान्याचं धुराडं शेजारी आलं. वरून आपला मुलूख अगदी भाजलेल्या पापडासारखा दिसतो. मी ओरडत होतो, पण इंजिनमुळं मलाही ऐकू येत नव्हतं. सहा-सात मिनिटं. एक फेरी पुरी केली, सभेचा मंडप समोर आला, अहवालाचा गठ्ठा मांडीवर घेतला, आणि इंजिन खोकलं. दोनदा. मग बंद.

शांतता कशी असते ते मला आज कळलं. आणि त्या शांततेत खालून लाऊडस्पीकरवर साहेबांचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "विरोधक म्हनत्यात बंद पडला. मी सांगतो, बंद पडल्याला न्हाई. जरा दमलाय." ते कारखान्याबद्दल बोलत होते.

चावी फिरवली, काही नाही. पुन्हा फिरवली. टाकी पाठीमागं, हात पोचत नव्हता. मला एकदम वाटलं, भिवरा खाली बघतेय. तिच्या पूजेवर हे झालं. मी मेलो तर आई तिला जगू देणार नाही. देवाचं नाव तोंडात यायच्या आधी हे आलं, त्याबद्दल देवानं राग मानू नये. व्हिडिओतला गोरा बाबा सांगतो, नाक खाली धर, वेग जाऊ देऊ नको. धरलं. समोर पाझर तलाव होता. पाण्याचा थेंब नाही, एका कडेला जनावरांची छावणी. दुष्काळानं माझं एवढं एकच भलं केलं, तलाव भरलेला असता तर मला पोहता येत नाही.

टेकलो, उडालो, परत टेकलो. भेगाळलेल्या मातीत डावं चाक अडकून निखळलं आणि विमान गरगर फिरून छावणीच्या दावणीजवळ थांबलं. चाळीस-पन्नास जनावरं दावी तोडून पळाली. एक म्हैस मात्र जागची हलली नाही. अहवालाचा गठ्ठा तिच्यापुढं सांडला होता, तिनं खायला सुरुवात केली. कारखान्याचा अहवाल कोणीतरी शेवटपर्यंत संपवल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

मला पट्ट्यातून सुटता येईना. त्रिंबक मोटारसायकलवर सगळ्यात आधी पोचला. आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला, हाडं चाचपली, मग विमानावर चढून टाकीशी काहीतरी बघत बसला. बराच वेळ. उतरला तेव्हा त्याच्या अंगठ्याला लाल लागलं होतं. मी म्हटलं, "कापलं का बे?" तर म्हणाला, "काई न्हाई," आणि अंगठा विजारीला पुसला.

मग मी पाहिलं. फिटर आहे मी, बंद पडलेल्या गाडीचं पहिलं काय बघायचं मला शिकवायला नको. झाकणाचं भोक बघितलं, लख्ख मोकळं. टाकी अर्धी भरलेली. नळी सोडली तर पेट्रोलची धार लागली. काही कळेना.

तोवर भिवरा पळत आली. एवढं अंतर, अनवाणी. मला बघून खाली बसली.

२६ सप्टेंबर, शनिवार

फौजदार आले. विमानाचा पंचनामा कसा लिहितात हे त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी 'पंख असलेले चारचाकी वाहन' असं लिहिलं. मी म्हटलं तीनच चाकं होती, त्यातलं एक मोडलंय. ते म्हणाले मधे बोलू नका. विमान कारखान्याच्या गोदामात सील. टाकीतलं पेट्रोल पंचनाम्यात आलं नाही आणि संध्याकाळी टाकीतही उरलं नव्हतं. कुठं गेलं कोण जाणे.

आईनं दारात बसून दोनदा म्हटलं, "मी सांगितलं व्हतं." बायका पाण्याच्या टँकरला उभ्या राहून कुजबुजतायत. भिवरा आज हंड्यांच्या रांगेत शेवटी उभी राहिली.

२९ सप्टेंबर, मंगळवार

डोकं तेवढ्यातच फिरतंय. इंजिन चांगलं, पेट्रोल भरपूर, आणि तरी उपाशी मेलं. एकच वाट उरते, नळीच्या जोडाला बारीक चीर असणार आणि तिथून हवा ओढली जात असणार. म्हणजे त्रिंबकचा जोड. परवा मी त्याला सरळ विचारलं, तर खाली बघून म्हणाला, "असंल. माजाच जोड कच्चा ऱ्हायला असंल." एवढं सोपं कबूल करणारा माणूस मी पाहिलेला नाही. मला वाईट वाटण्याऐवजी रागच आला. माझा जीव गेला असता.

जेवताना भिवराला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. मधेच म्हणाली, "तुमी टाकीच्या झाकनाचं भोक पयलं कावून बघितलं?"

मी समजावलं. बाईमाणसाला यंत्रातलं सांगायचं तर स्वयंपाकघरातून सांगावं. म्हटलं, "तेलाचा डबा फोडताना दोन भोकं पाडती का न्हाई तू? एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारं आत जातं. दुसरं भोक बुजलं तर तेल येईल का? तसंच हाय. झाकनाचं भोक सुईएवढं असतं. त्यात माती जावो, काईबी जावो, पाच-सात मिनटांत इंजिन बंद. पन भोक मोकळं व्हतं, मी सोता बघितलं."

ती ऐकत होती. तव्यावरची भाकरी पार कोळसा झाली तरी तिचं लक्ष नाही. चांगली ज्वारी वाया. मी बोललो तिला, दुष्काळात असं करून कसं चालेल म्हणून. ती जेवली नाही. एका भाकरीचा एवढा राग.

४ ऑक्टोबर, रविवार

साहेबांनी लेखी अहवाल मागितला. संचालकांपैकी बंकट काकडे रोज ओरडतोय की कारखान्याच्या मालावर गंमत चालली. साहेबांना कोणाच्या तरी नावावर हे टाकायचंय. मी लिहिलं, 'नळीच्या जोडातील दोषामुळे इंजिनास पेट्रोल मिळाले नाही.' त्रिंबकचं नाव लिहिलं नाही. पण जोड कोणी दिला हे गेटवरच्या कुत्र्यालाही माहीत आहे.

भिवरा म्हणाली, "भाऊजींचं काम जाईल."

मी म्हटलं, "माजा जीव गेला असता."

ती काहीतरी बोलणार होती. ओठ उघडलेही होते. तेवढ्यात आई आत आली आणि ती उठून गेली.

१२ ऑक्टोबर, सोमवार

त्रिंबकनं मुकादमाकडून उचल घेतली. दसरा झाला की ट्रक निघतो, साताऱ्याकडं. आज बाजारात भेटला. हातात दोन नवे कोयते, एक त्याचा, एक बायकोचा. मी बघितलं आणि दुसरीकडं बघितलं. तो म्हणाला, "चाक निघालं तिथला पाईप वाकलाय. सरळ करताना तापवून कर, न्हाईतर मोडंल."

चूक त्याची आणि झोप माझी उडालीय. हा काय न्याय आहे?

१९ ऑक्टोबर, सोमवार

आज गोदामाचं सील काढलं. बंकट काकडेला पुरावा पाहिजे होता, म्हणून साहेब जोड कापून आण म्हणाले.

कापण्याआधी मी नळी सोडवली, एक टोक बुजवलं, दुसऱ्याला सायकलचा पंप लावला आणि जोडावर साबणाचा फेस चोपडला. चीर असती तर बुडबुडा आला असता. दाबून दाबून हात दुखले. एकही बुडबुडा नाही. पुन्हा केलं. नाही. तो जोड नळीपेक्षा पक्का आहे.

मग मी तिथंच खुर्चीत बसलो, त्या पाय कापलेल्या. समोर सगळं विमान. भिवराचं हळदकुंकू वाळून सिमेंटसारखं झालंय, जिथं तिथं चिकटलेलं. इंजिनावर, पंख्यावर, चारी नटांवर, खुर्चीच्या हातावर. चाक मोडलं पण त्याच्यावरचं बोट तसंच. मी उगाच मोजल्यासारखं बघत गेलो. टाकीच्या झाकणापाशी आलो तर झाकण कोरं.

मीच सांगितलं होतं, डबल लाव.

टाचणी घेऊन भोकात फिरवली. आतल्या आट्यात पिवळा कण होता, तांदळाच्या कणीला चिकटलेला. त्रिंबकचा लाल अंगठा आठवला. माझ्याआधी तो तिथं पोचला होता, आणि बराच वेळ टाकीशी बसला होता.

मी हेड फिटर. वीस वर्षं यंत्रं उघडतोय. बाजूला उभ्या माणसाचं मन मला एवढंही उघडून बघता आलं नाही. गोदामात रडलो, कोणी नव्हतं म्हणून बरं.

२० ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी त्रिंबककडं गेलो. दारात कोयत्याला धार लावत होता. मी वाळलेला कण कागदावर धरला. त्यानं बघितलं आणि धार लावायचा दगड बाजूला ठेवला.

"कावून केलं बे असं?"

"काय केलं? भोक साफ केलं. झाकन उगडलं तर वारं कसं सूं करून आत गेलं. तवाच कळलं मला."

"मग मला सांगायचं व्हतं."

"तुला?" तो हसला. "तुज्या पोटात काय ऱ्हातं का? दोन घंट्यात पारावर गेला असतास. मग तुजी माय, इमलबाई, समदं गाव. वांझेच्या हळदीनं इमान पाडलं म्हनून. वैनीला जलमभर कुनी ताटाला हात लावू दिला नसता. माज्या लगनात माज्या बायकोची ओटी भरायला कुनी नव्हतं, तवा त्याच आल्या व्हत्या."

"आन् तुजं काम?"

"कोयता धरता येतो मला."

मी तो कोयता त्याच्या हातातून काढून घेतला. त्यानंही तो लगेच सोडला, यावरून काय ते कळलं. मी सांगितलं, उद्या संचालकांची बैठक आहे, काय बोलायचं ते मी बघतो, आणि भिवराला यातलं अक्षर कळता कामा नये. तो म्हणाला, "पोटात ठेवशील?" मी म्हटलं, ठेवीन. आयुष्यात पहिल्यांदाच ठेवतोय, दुखणार हे गृहीत धरलंय.

२१ ऑक्टोबर, बुधवार

बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, जोड पक्का हाय. चूक माजी. वजन नको म्हनून पेट्रोल कमी घेतलं व्हतं. टाकी मोटारसायकलची. पेट्रोल खाली गेलं आन् मी कॉक रिझर्व्हला लावायचा इसरलो."

त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाची गाडी रिझर्व्हला लावायची राहून भर रस्त्यात कधी ना कधी बंद पडली असणार. मग बंकट काकडे म्हणाला, "आभाळात रिझर्व्ह?" आणि सगळे असे हसले की चहा आणणाऱ्या आप्पारावच्या हातातला ट्रे कलंडला. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टाकीत किती पेट्रोल होतं याचा पुरावा पंचनाम्यात नाहीच, त्याबद्दल फौजदारांचे उपकार.

साहेब डोळे पुसत म्हणाले, "म्हंजी येल्डरच्या कामात खोट न्हाई." मी म्हटलं, "तुमीच शबूद दिला व्हता, ड्रायव्हरसमोर." हसऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्रिंबकचा कागद तिथंच झाला. माझाही झाला. हेड फिटर पद गेलं, गेटवर हजेरी घ्यायला बसायचं. विमान पुन्हा उडवायचं नाही, गेटजवळ शोभेला ठेवायचं. हे शेवटचं लिहिताना पेन जरा थांबलं.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. पारावरून हाक आली, "ए रिझर्व्ह." आता हे नाव माझ्या तिरडीपर्यंत येणार. आई हसली, विमलबाई हसली. भिवरा मात्र एकदाही हसली नाही, माझ्याकडं बघतच राहिली. मग भाकरीवर दोनदा तूप वाढलं. हिला विनोद कळत नाही.

२२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

त्रिंबकनं उचल परत केली. सकाळी ट्रक त्याच्याशिवाय गेला. तो वर्कशॉपात येऊन आपल्या वेल्डिंगच्या मशीनला झेंडूची माळ घालत होता, तोंडानं काहीतरी गुणगुणत. आवाज फार वाईट आहे.

गेटजवळ विमानाची आणि सगळ्यांच्या गाड्यांची पूजा ठेवली होती. आई काल रात्रीपासून गावभर सांगत फिरतेय की पोरगं माझंच येडं, पेट्रोल बघायची अक्कल नाही, पण सुनेच्या हळदीकुंकवात गुण आहे, इतक्या वरून पडून जीभसुद्धा चावली नाही. आईनं एकदा एखादी गोष्ट धरली की गाव तिच्याशी वाद घालत नाही. विमलबाईनं स्वतःच्या मुलाची नवी मोटारसायकल ढकलत आणली आणि म्हणाली, "भिवरे, पयलं बोट तुजं." बाया रांगेत उभ्या होत्या. भिवरा रांगेच्या तोंडाशी.

तिनं आधी विमान घेतलं. तसंच घट्ट कालवलेलं हळदकुंकू. इंजिन, पंखा, नट, नवं चाक, खुर्ची. टाकीला लावलं, दोन्ही अंगांनी. झाकण सोडून पुढं गेली. मग विमलबाईची मोटारसायकल. हँडल, दिवा, दोन्ही चाकं, टाकी. झाकण सोडलं.

आई म्हणाली, "अगं, झाकन ऱ्हायलं की."

"त्याला भोक हाय, आत्या," भिवरा म्हणाली. "तिथून वारं आत जातं. बुजलं तर गाडी बंद पडती."

"तुला गं कुनी सांगितलं?"

"ह्यांनी. भाकरी भाजताना."

माझ्याकडं तिनं बघितलं नाही. पुढच्या गाडीला बोट लावायला वाकली. त्रिंबक माळेतली फुलं नीट करत राहिला.

त्या दिवशीची भाकरी करपली होती. आणि मी तिला ज्वारीवरून बोललो होतो.